परतीच्या विमानापासून मागे मोजा : घोडेगाव ते अंदमानची दोन बेटं

स्कूबा डाइव्हिंगची सहल आखायला बसलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो विमानाच्या भाड्याचा, दुसरा हॉटेलचा, आणि समुद्रात कोणत्या दिवशी उतरायचं हे तिथे गेल्यावर ठरवायचं असतं. महाबळेश्वर किंवा हंपीच्या सहलीला हा क्रम चालतो. पाण्याखाली जायचं असेल तर चालत नाही. इथे आधी ठरवायचं ते परतीचं विमान. त्याच्यापासून मागे मोजत शेवटच्या डाइव्हची वेळ, मग बोटी, आणि सगळ्यात शेवटी खोल्या. या उलट्या हिशेबामागचं कारण आपल्याच शरीरात आहे. ते समजलं तर पुढचं सगळं नियोजन सोपं होतं.

नायट्रोजनचं घड्याळ

आपण श्वासात घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असतो. जमिनीवर तो फुप्फुसात येतो आणि तसाच बाहेर जातो. समुद्रात मात्र दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, अठरा मीटरवर जवळजवळ तिप्पट. पाठीवरच्या सिलिंडरमधून डाइव्हर त्या खोलीच्या दाबाचीच हवा घेतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत विरघळत जातो. पाण्याबाहेर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण पूर्ण निघायला तास लागतात.

तो निघून जायच्या आत शरीरावरचा दाब अचानक कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच रक्तात होतं. विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, गंभीर प्रसंगी मज्जारज्जू आणि मेंदूवर परिणाम होतो. याला डीकंप्रेशन सिकनेस म्हणतात. म्हणून डाइव्हर पाण्यातून वर येतानाही घाई करत नाही. मिनिटाला साधारण नऊ मीटर या वेगाने येतो आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो.

दाब कमी करणारं दुसरं ठिकाण म्हणजे विमान. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा दाब ठेवलेला असतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे विमानात बसणं हे हवेच्या दाबापुरतं कळसूबाईच्याही वर जाऊन बसण्यासारखं आहे, आणि तिथवर आपण काही मिनिटांत पोहोचतो. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास थांबावं, लागोपाठ अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबावं लागणारी खोल डाइव्ह असेल तर १८ तासांहून बराच अधिक वेळ. सहलीवर जाणारा माणूस जवळजवळ नेहमीच दुसऱ्या गटात बसतो. व्यवहारात पूर्ण एक दिवस मोकळा ठेवावा.

आपल्यासारख्या पठारावर राहणाऱ्यांना हा नियम कोकणातही लक्षात ठेवावा लागतो. मालवणला सकाळी डाइव्ह करून त्याच दुपारी आंबोलीच्या घाटातून गाडी वर काढली, तर दोनेक तासांत आपण समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास पोहोचतो. डाइव्हिंगचा दिवस आणि घाट चढायचा दिवस वेगळे ठेवलेले बरे.

पहिला टप्पा तारकर्लीचा

घोडेगाव ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, तिथली पुष्कळ मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली असतात. ते कौशल्य उपयोगी आहे, पण तेवढ्यावर अंदमान गाठणं शहाणपणाचं नाही. मास्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढणं, नाक दाबून कानांवरचा दाब सारखा करणं, तोंडाने संथ श्वास घेत राहणं, या गोष्टी आधी सुरक्षित ठिकाणी हाताखालून जाव्या लागतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था मालवण तालुक्यात तारकर्लीला आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खोल तलाव आहे. एका शनिवार-रविवारी तिथे जाऊन आलं, की आपले कान आणि आपलं मन या प्रकाराला कसा प्रतिसाद देतात ते कळतं. कुणाला दमा, कानाचा जुना आजार किंवा हृदयाचा त्रास असेल, तर त्याने डॉक्टरांचं प्रमाणपत्र तिकिटं काढण्याआधी घ्यावं. डाइव्ह सेंटरवर आरोग्याचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात एका प्रश्नाला ‘हो’ आलं तरी डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात सोडत नाहीत. असा नकार अंदमानात पोहोचल्यावर मिळाला तर सगळी सहल वाया जाते.

किती दिवस लागणार हे तुम्ही काय करणार यावर ठरतं. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत एक अनुभव-डाइव्ह घेता येते. तिला अर्धा दिवस पुरतो. ‘ओपन वॉटर’ हा पहिला प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम तीन ते चार दिवसांचा असतो. त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं. वयाची अट दहा वर्षं पूर्ण. हे प्रमाणपत्र मिळालं की प्रौढाला जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत जाता येतं. पुस्तकी भाग आता घरबसल्या ऑनलाइन करता येतो. तो घोडेगावातच संपवून गेलात तर बेटावरचा जवळजवळ एक दिवस वाचतो.

दोन बेटं, दोन नावं

अंदमानात डाइव्हिंगसाठी जोडीने जायची बेटं म्हणजे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. ३० डिसेंबर २०१८ पर्यंत त्यांची नावं हॅवलॉक आणि नील अशी होती. १८५७ च्या उठावात लढलेल्या दोन इंग्रज सेनाधिकाऱ्यांची ही नावं. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी अंदमानात तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या दिवशी ती बदलली. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. प्रवाशासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की बोटीच्या आणि विमानाच्या बुकिंगमध्ये अजून दोन्ही नावं भेटतात. शोधताना दोन्ही टाकून पाहावीत.

स्वराज द्वीप मोठं. इथली गावं फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी वसवली. गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, राधानगर अशी त्यांची नावं, आणि किनारे आकड्यांनी ओळखले जातात. तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. निमो रीफ, द वॉल, एक्वेरियम या डाइव्हच्या जागा किनाऱ्यापासून जवळ. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल या लांबच्या आणि खोल जागा, ज्यांना आधीचा अनुभव लागतो. शहीद द्वीप लहान आणि सपाट आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलवर जाता येतं. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर ही इथली गावं. अंदमानचा भाजीपाला मोठ्या प्रमाणात इथे पिकतो. मंचरच्या बाजारात रोज भाजी घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला या बेटाच्या रस्त्याकडेची शेतं पाहून परकं वाटणार नाही. इथल्या पाण्यात गवताची कुरणं आहेत आणि ते गवत खाणारा डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, क्वचित दिसतो. तो अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आहे.

नऊ दिवसांचा आराखडा

अभ्यासक्रमासह दोन्ही बेटं करायची तर घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत नऊ दिवस धरावेत.

पहिला दिवस : घोडेगाव ते पुणे, पुणे ते चेन्नई, चेन्नईत मुक्काम.
दुसरा दिवस : सकाळच्या विमानाने श्री विजयपुरम, दुपारच्या बोटीने स्वराज द्वीप.
तिसरा ते पाचवा दिवस : डाइव्हिंग.
सहावा दिवस : दुपारच्या बोटीने शहीद द्वीप.
सातवा दिवस : सकाळी शेवटच्या डाइव्ह.
आठवा दिवस : बोटीने श्री विजयपुरम, सेल्युलर जेल.
नववा दिवस : विमानाने परत.

या आराखड्याचा कणा आहे आठवा दिवस. तो वाया गेलेला वाटतो, म्हणून सहल छोटी करताना लोक पहिली काट त्यालाच मारतात. पण तो तीन कामं एकदम करतो. शरीरातला नायट्रोजन निघायला वेळ मिळतो. बोट रद्द झाली तर विमान चुकत नाही. आणि ज्या जेलमध्ये बाबाराव आणि विनायकराव सावरकरांनी काळ्या पाण्याची वर्षं काढली, ते पाहायला घाईशिवायचा दिवस मिळतो. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. पहिल्याच दिवशी विमानातून उतरून, अर्धवट झोपेत, हातात बोटीचं तिकीट घेऊन ती उरकण्यासारखी जागा नाही. आधी समुद्र, मग जमीन, शेवटी आकाश, असा क्रम ठेवला की शरीर आणि वेळापत्रक एकमेकांच्या आड येत नाहीत.

घोडेगाव ते जेट्टी

प्रवासातला सगळ्यात बेभरवशाचा टप्पा समुद्रावर नसून पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. घोडेगाव ते मंचर पंधराएक किलोमीटर सहज सरतात. पुढे चाकणला कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी गाडी तासभर जागची हलत नाही असं होतं. खासगी गाडी असेल तर चाकणनंतर आळंदी फाट्याला वळून आळंदी, चऱ्होलीमार्गे लोहगावचा विमानतळ गाठावा. भोसरी आणि शहरातली गर्दी टळते. एसटीने गेलात तर वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरून सामानासह पुन्हा रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते, त्याचा वेळ धरावा. विमानाच्या वेळेच्या किमान पाच तास आधी घर सोडलेलं बरं.

चेन्नईचा मुक्काम अनेकांना अनावश्यक वाटतो. पण अंदमानची बरीच विमानं सकाळची असतात आणि बेटाकडची शेवटची सोयीची बोट दुपारची. पुण्याहून सकाळी निघून, चेन्नईत किंवा बंगळुरूत विमान बदलून, त्याच दिवशी स्वराज द्वीप गाठायचं म्हणजे एक विमान उशिरा आलं की पुढची साखळी तुटते. चेन्नईत विमानतळाजवळ रात्र काढून पहाटे निघालात तर वीर सावरकर विमानतळावर सकाळीच उतरता. तिथून जेट्टी काही किलोमीटरवरच आहे. विमान उतरायची वेळ आणि बोट सुटायची वेळ यांत किमान तीन तासांचं अंतर ठेवा.

बोटींचे दोन प्रकार आहेत. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, स्वस्त असतात, पण पर्यटकांना जागा मिळणं कठीण, आणि ते योग्यही आहे. बेटावरच्या लोकांना दवाखान्याला, शाळा-कॉलेजला, बाजाराला त्याच बोटीने जायचं असतं. खासगी वातानुकूलित बोटी दीड ते दोन तासांत स्वराज द्वीपला पोहोचवतात. त्यांतल्या काही हॅडो जेट्टीवरून सुटतात, म्हणून तिकिटावर जेट्टीचं नाव वाचून मगच रिक्षात बसावं. स्वराज ते शहीद तासाभराचा प्रवास, शहीदहून परत पुन्हा दीड-दोन तास. हा त्रिकोण एकाच दिशेने पुरा करा. मध्ये श्री विजयपुरमला परत येऊन दुसऱ्या बेटाला जाण्यात अर्धा दिवस जातो. मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत असू द्या. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, मात्र त्या गोळीने झोप येते, म्हणून डाइव्हच्या दिवशी डॉक्टरांना किंवा प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय नको.

इथे अंदमानचा एक मोठा फायदा ध्यानात घ्या. कॅरिबियन समुद्रात बोनेअर आणि क्युरसाओ ही डाइव्हर मंडळींची आवडती जोडी आहे, पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला तिथे छोट्या विमानाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे सहलीच्या मध्यावरच नायट्रोजनचं घड्याळ पाहत एक दिवस कोरडा ठेवावा लागतो. आपली दोन बेटं बोटीने जोडलेली आहेत आणि बोट समुद्रसपाटीवरच चालते. म्हणून सहाव्या दिवशी सकाळी एक डाइव्ह करून दुपारची बोट पकडली तरी या बाबतीत धोका नाही. हेलिकॉप्टरची जागा मिळत असली तरी डाइव्हनंतर ती घेऊ नका.

खोली कुठे घ्यायची

बोनेअरची आणखी एक पद्धत शिकण्यासारखी आहे. त्या बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. डाइव्हच्या जागा किनारी रस्त्यालगत पिवळ्या रंगवलेल्या दगडांनी दाखवलेल्या आहेत. लोक पिकअप गाडी भाड्याने घेतात, मागे सिलिंडर टाकतात, दगडाजवळ थांबतात आणि चालत पाण्यात शिरतात. तिथे गाडी महत्त्वाची, खोली बेटावर कुठेही चालते. अंदमानात नेमकं उलट आहे. इथे डाइव्ह मुख्यतः होडीतून होते आणि होडी सकाळी लवकर सुटते. त्यामुळे आधी डाइव्ह सेंटर ठरवा आणि मग त्याच्यापासून चालत जाता येईल अशी खोली शोधा.

स्वराज द्वीपवर बहुतेक डाइव्ह सेंटरं पूर्व किनाऱ्यावर गोविंदनगर-विजयनगर पट्ट्यात आहेत. राधानगरचा किनारा अतिशय सुंदर आहे, पण तो बेटाच्या दुसऱ्या बाजूला. तिथे खोली घेतली तर रोज पहाटे रिक्षा मिळवण्याची धडपड. मुक्काम पूर्वेला ठेवून एका संध्याकाळी राधानगरला जाणं सोयीचं. एखाद्या दिवसासाठी स्कूटर भाड्याने मिळते. वाहन परवाना बरोबर ठेवावा आणि हेल्मेट मागून घ्यावं. शहीद द्वीपवर अंतरं इतकी लहान आहेत की जेट्टीजवळ भरतपूरच्या आसपास खोली आणि एक सायकल पुरते.

खोली ठरवताना घड्याळाकडेही पाहा. अंदमान घोडेगावच्या सुमारे एकोणीस अंश पूर्वेला आहे, पण वेळ मात्र तीच भारतीय. तिथे माध्यान्ह सव्वा तास आधी होते आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सगळा दिवस पुढे सरकलेला असतो. पहाटे साडेपाचला चहा मिळेल का, रात्रीचं जेवण लवकर मिळेल का, वीज गेली तर जनरेटर आहे का, भिजलेले कपडे वाळत घालायला जागा आहे का, हे प्रश्न फोनवरच विचारून घ्या. डाइव्ह सेंटरला विचारायचे प्रश्न वेगळे. एका प्रशिक्षकामागे किती जण असतात? होडीवर ऑक्सिजन असतो का? डीकंप्रेशन सिकनेसवर उपचार करणारा जवळचा चेंबर कुठे आहे आणि तिथे रुग्णाला कसं नेतात? याची सरळ उत्तरं देणाऱ्या सेंटरला थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. प्रवास विमा घेताना त्यात स्कूबा डाइव्हिंग धरलं आहे का, तेही वाचून पाहा. पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची एक शाखा स्वराज द्वीपवर येते. तरी बेटांवर नेटवर्क जातं, एटीएम बंद असतं. थोडी रोख रक्कम आणि सगळ्या तिकिटांच्या छापील प्रती जवळ असाव्यात.

हवामान आणि राखीव दिवस

नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात महाराष्ट्राच्या आधी, मेच्या मध्यानंतर येतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ डाइव्हिंगला चांगला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानात शेकडो पर्यटक या दोन बेटांवर अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. अशा वेळी परतीच्या आधीचा राखीव दिवसच उपयोगी पडतो. डिसेंबरात जायचं असेल तर एकाऐवजी दोन दिवस राखीव ठेवा आणि परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहून ठेवावं. शहीद द्वीपचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच पाहता येतो, आणि भरतपूरच्या उथळ पाण्यात उतरायला भरती लागते. मगरींचे इशारे देणारे फलक असतील तिथे पाण्यात उतरू नये.

घरातले बाकीचे

सहल कुटुंबाची असेल तर सगळे डाइव्ह करणार नाहीत. आजी-आजोबांसाठी काचेच्या तळाची होडी आहे. लहान मुलांसाठी किनाऱ्यालगतचं स्नॉर्केलिंग आहे. डाइव्हिंग सकाळी संपतं, म्हणून दुपारनंतरचा वेळ सगळ्यांनी एकत्र घालवावा. डाइव्ह न करणाऱ्या माणसाला तीन दिवस खोलीत बसवून ठेवणारा आराखडा चुकीचा समजावा.

आणि ज्याच्यासाठी इतका आटापिटा, त्या प्रवाळाबद्दल. २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे अंदमानचं प्रवाळ पांढरं पडलं होतं. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे आणि तो फार संथ वाढतो. एका लाथेने दहा वर्षांची वाढ मोडू शकते. म्हणून पाण्यात तरंगण्यावर ताबा येईपर्यंत रीफच्या अगदी जवळ जाऊ नये, कशालाही हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला तुकडाही पिशवीत घालता येत नाही. तपासणीत सापडला तर कारवाई होते.

आता वही घ्या आणि पहिल्या ओळीवर परतीच्या विमानाची तारीख आणि वेळ लिहा. तिच्यातून पूर्ण एक दिवस वजा करा, तिथे शेवटची डाइव्ह संपते. बोटींच्या वेळा त्याच्या मागे बसवा, त्यांच्या मागे डाइव्हिंगचे दिवस, आणि त्या दिवसांवरून खोल्या. मग डाइव्ह सेंटरला फोन करून जागा पक्की करा, विमानाची तिकिटं काढा, त्याच दिवशी बोटींची तिकिटं घ्या. कुठे पैसे किंवा दिवस कमी पडले तर एक डाइव्ह कमी करा, एक बेट कमी करा. राखीव दिवसाला हात लावू नका.